तिसरं बटण

भिंगारमधल्या त्या घरात शिरायचं तर आधी तांब्याच्या पट्टीला हात लावावा लागे. दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूला वीतभर लांबीची ती पट्टी ठोकलेली होती आणि तिच्यापासून निघालेली तार अंगणातल्या कडुलिंबाशेजारी जमिनीत गेली होती. मी खोली बघायला गेले तेव्हा हे मला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. मी सरळ उंबरा ओलांडला, तर आतून आवाज आला, "थांबा. मागं व्हा. पट्टीला हात लावा, मनात तीनपर्यंत मोजा आणि मग या."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. तिथल्याच एका हायस्कुलात विज्ञानाची शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते आणि पहिल्या पगारातून घेतलेली साडी नेसून मिरवत होते. शिवाय तोंडानं तिखट. "माझे हात स्वच्छ आहेत," मी म्हणाले.

"हात असतील हो बाई. साडी नायलॉनची आहे. चालताना ती अंगात वीज साठवते. ती आधी जमिनीत सोडायची."

विज्ञानाच्या बाईंना स्थिर विद्युत कुणी उंबऱ्याबाहेर उभं करून शिकवावी, याचा मला भारी राग आला. पण शाळा तिथून चालत दहा मिनिटांवर होती आणि चार खोल्या बघून माझे पाय दुखत होते. मी पट्टीला हात लावला, तीनपर्यंत मोजलं आणि आत गेले. पुढची तीन वर्षं रोज हेच करत राहिले. अजूनही नव्या घरात शिरताना माझा उजवा हात उगाचच चौकटीकडे जातो.

बाजारात आमच्या घरमालकांना 'रॉकेटवाले' म्हणत. भिंगार ही लष्कराची वस्ती, तिथं बंदूक आणि रणगाडा यांचं कुणाला अप्रूप नाही. पण रॉकेट म्हणजे काहीतरी निराळं. त्यामुळे त्या नावात थोडा आदर आणि बरीचशी चेष्टा होती. मी त्यांना काका म्हणू लागले. काका मूळचे पाथर्डीकडच्या एका कोरडवाहू गावातले, बौद्ध घरातले. वडील मजुरी करायचे. काका आयटीआय करून नोकरीच्या शोधात निघाले ते थेट आंध्रच्या समुद्रकाठी पोचले. तिथं रॉकेटचं इंधन तयार होई. हेल्पर म्हणून लागले आणि पंचवीस वर्षांनी मिश्रण विभागाचे फोरमन म्हणून निवृत्त झाले. मग काकूंना घेऊन परत आले आणि भिंगारला घर बांधलं.

घर त्यांनी स्वतः आखलं होतं. बाकी सगळ्या भिंती दगडी, सिमेंटात पक्क्या बसवलेल्या, आणि स्वयंपाकघराची मागच्या पडीक जागेकडची भिंत मात्र साध्या पत्र्याची. लोकांना वाटे, बांधता बांधता हात आखडला असेल. मी एकदा विचारलं.

"आमच्याकडे मिश्रणाच्या इमारतीची एक भिंत मुद्दाम कच्ची ठेवतात," काका म्हणाले. "आत काही झालंच तर ते कुठून बाहेर जाईल, हे आपण आधीच ठरवून ठेवावं. इथं गॅसचा सिलिंडर आहे."

"पण उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात गरम होतं," ते शांतपणे म्हणाले. जणू ती काकूंची अडचण होती. आणि ती होतीच.

शाळेच्या सहलीबरोबर मी शनिशिंगणापूरला जाऊन आले आणि तिथल्या घरांना दारंच नाहीत असं त्यांना सांगितलं. देवाधर्माशी त्यांचा संबंध नव्हता, पण हे ऐकून ते प्रसन्न झाले. "हुशार लोक," ते म्हणाले. "पळायला सोपं पडतं."

स्वयंपाकघरातल्या एका दगडी भिंतीवर त्यांनी फळी लावली होती आणि फळीवर पांढऱ्या रंगानं आकृत्या काढल्या होत्या. उलथनं, झारा, लाटणं, सांडशी, चिमटा. ज्याची त्याची वस्तू ज्याच्या त्याच्या आकृतीवर टांगायची. जेवणं झाली की काका हात मागं बांधून फळीसमोर उभे राहत. एखादी आकृती रिकामी दिसली की ती वस्तू सापडेपर्यंत घरातला केर बाहेर टाकायचा नाही, खरकटं पाणीसुद्धा ओतायचं नाही. "आमच्याकडे एक पाना कमी भरला तर सगळी पाळी थांबायची," ते सांगत. "जे सापडत नाही ते इंधनात गेलं, असंच धरून चालायचं." एकदा चिमटा माझ्या खोलीत सापडला. पापड भाजायला मी नेला होता. ते मला रागावले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीतही एक फळी आली.

आणि बटणं. काका स्वतः नाड्यांची सुती बंडी घालत, तिला एकही बटण नसे. समोर कुणी आला की ते त्याच्या तोंडाकडे बघण्याआधी सदऱ्याकडे बघत. आमचे हेडमास्तर पहिल्यांदा भेटले तेव्हा नमस्कार राहिला बाजूला, काका म्हणाले, "सर, तुमचं दुसरं बटण दोन दिवसांत जाणार." ते दुसऱ्याच दिवशी प्रार्थनेच्या वेळी गेलं. तेव्हापासून हेडमास्तर रस्त्यात काका दिसले की छातीवर हात धरून पलीकडून जात.

काकूंना या सगळ्याचा काडीचा धाक नव्हता. पंचवीस वर्षं आंध्रात काढूनही त्यांची बोली पाथर्डीचीच राहिली होती. तेलुगू बाहेर पडे ती फक्त राग आला की. तांब्याच्या पट्टीला त्यांनी एकदाही हात लावला नव्हता. "मी काय फुटनार हाय व्हय?" असं म्हणून त्या कायम पत्र्याच्या बाजूच्या मागच्या दारानं ये-जा करत. काका यावर काही बोलत नसत. माझ्या अंदाजानं त्या दोघांचं घरातलं एकूण बोलणं जेवण, पाणी आणि चिमटा एवढ्यावरच चाले.

त्याचं कारण मला काकूंनीच सांगितलं. लग्न होऊन त्या तिकडे गेल्या त्या पहिल्याच आठवड्यात काकांनी बजावलं होतं की कामाचं काही विचारायचं नाही, विचारलंस तरी मी सांगणार नाही. कॉलनीतल्या सगळ्याच घरांत तो रिवाज होता. बायका नळावर जमत तेव्हा आंब्याचं लोणचं, पोरांचे ताप, गावाकडची लग्नं, सगळं निघे. नवरे काय करतात हे निघत नसे. "पंचवीस वरसं रोज डबा भरून दिला," काकू मला म्हणाल्या, "पर त्यो डबा कुटं जातुय ते इचारलं न्हाई. नगं म्हनले, मग नगं."

मला मात्र ते तासन्तास सांगत. "पुस्तकात छापलंय तेवढंच सांगतो बरं का," असं आधी म्हणून घेत. मला का, आणि काकूंना का नाही, याचं उत्तर सोपं आहे. मी विचारत होते. काकूंना विचारायला बंदी होती, आणि ती बंदी आता उठली आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"वर हवा नाही," ते सुरुवात करत. "म्हणजे चूल आपली, सरपण आपलं आणि वारासुद्धा घरूनच बांधून न्यायचा. आता तो न्यायचा कसा, यावरून इंधनाच्या तऱ्हा."

पहिली तऱ्हा घन. रबराचा काकवीसारखा चिकट रस, त्यात ॲल्युमिनियमची भुकटी आणि मिठासारखे दिसणारे खडे वाटून घातलेले. या खड्यांच्या पोटात जळायला लागणारा वारा. हे सगळं मोठ्या भांड्यात मळायचं. मळताना माणसं लांबच्या इमारतीत बसून कळ दाबतात, जवळ कुणी थांबत नाही. मग ते पोकळ कवचात ओतायचं, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि कित्येक दिवस मंद आचेवर घट्ट होऊ द्यायचं. उडण्याच्या कितीतरी आधी, कधी वर्ष-दोन वर्षं आधी हे भरून तयार असतं. सोय मोठी, पण एकदा पेटलं की ते विझवता येत नाही आणि कमीजास्तही करता येत नाही. शेवटपर्यंत जळणारच.

दुसरी तऱ्हा द्रव. दोन टाक्या, एकीत जळणारं, दुसरीत जाळणारं, मध्ये नळ्या आणि तोट्या. तोटी बंद केली की आग बंद. हे उड्डाणाच्या एखाद-दोन दिवस आधी भरतात. यातली काही द्रव्यं अशी की एकमेकांना नुसती भेटली तरी पेट घेतात, काडी लागत नाही. विषारीही तितकीच, भरणारी माणसं नखशिखांत बंद पोशाखात, श्वासाची हवासुद्धा नळीतून घेतात. आणि तिसरी तऱ्हा अतिशीत. वायूच इतके गार करायचे की त्यांचं पाणी व्हावं. ते अगदी शेवटच्या काही तासांत भरायचं, कारण भरता भरताच ते उकळून उडून जात असतं. निघण्याच्या घडीपर्यंत वरून घालत राहावं लागतं. "हे अजून आपल्याला जमायचंय," काका म्हणत, "पण जमेल."

मग ते माणसं वाटायला घेत. समोरच्या घरातल्या दोघी जावा म्हणजे दुसऱ्या तऱ्हेतलं ते बिनकाडीचं इंधन. एक मोरीत आणि दुसरी ओट्यापाशी असेल तोवरच घर शाबूत. आमचे हेडमास्तर अतिशीत. परीक्षेच्या आदल्या दिवशी उत्साह भरावा तर पेपर सुरू होईपर्यंत निम्मा उडालेला. "तुम्ही द्रव," ते मला म्हणाले. "तुम्हाला तोटी आहे. पण ती तुम्ही वापरत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी घन."

"आणि काकू?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या पडद्याकडे बघितलं. पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येत होता. "तिचं मला माहीत नाही," ते म्हणाले. माणसाला बायकोची तऱ्हा ठाऊक नसावी याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

बाहेरच्या खोलीत भिंतीवर दोनच तसबिरी होत्या. एक बुद्धाची. दुसरी निरोप समारंभाची: गळ्यात हार, अंगात नवा सदरा, कधी नव्हे ते हसणारे काका आणि आजूबाजूला उभी असलेली त्यांच्या हाताखालची बारा माणसं. ही दुसरी तसबीर काका अधूनमधून खाली उतरवत, खिडकीशी नेत आणि पोस्टाची तिकिटं बघायच्या भिंगातून तिच्याकडे बघत बसत. मी समजे, जुने दिवस आठवत असतील. असली गोड समजूत करून घ्यायची मला खोडच आहे.

त्या वर्षी पेपरात बातमी आली की मोठं रॉकेट पुढच्या महिन्यात उडणार. आधीचं एक उड्डाण फसलं होतं, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष होतं. मी लगेच काकांना आठवीच्या वर्गावर बोलावलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. पिशवीत पत्र्याचा एक डबा, प्लास्टरची पूड आणि तेल लावलेला एक सरळसोट दोडका घेऊन ते आले. दोडका बघून वर्ग हसला. काकांनी तो डब्यात मधोमध उभा केला, सगळीकडून पाण्यात कालवलेलं प्लास्टर ओतलं आणि ते घट्ट होईपर्यंत तीन तऱ्हा सांगितल्या. मग दोडका हलक्या हातानं फिरवून उपसून काढला. मधे आरपार बोगदा राहिला, दोडक्याच्या शिरांमुळे कडा चांदणीसारख्या झालेल्या.

"घन इंधन असं आतून बाहेर जळत जातं," त्यांनी सांगितलं. "बोगदा साधा गोल ठेवला तर सुरुवातीला कमी जळेल. चांदणी केली की पेटायला कडा जास्त." वर्ग एकदम गप्प होऊन डब्यात वाकून बघत होता. माझ्या दहा धड्यांनी जे झालं नसतं ते एका दोडक्यानं केलं, हे मी मोकळेपणानं कबूल करते.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, ओतताना आत चुकून काही पडलं तर ते काढायचं कसं?"

काका डब्याकडे बघत राहिले. "काढता येत नाही," ते म्हणाले. पिशवी, दोडका, सगळं टेबलावर टाकून ते वर्गाबाहेर पडले आणि भर उन्हात चालत घरी गेले.

रविवारी सकाळी त्यांनी मला बाहेरच्या खोलीत बोलावलं. निरोपाची तसबीर टेबलावर उताणी ठेवली होती, शेजारी भिंग. "बाई, मला एक पत्र लिहून द्या. इंग्रजीत हवं. आधी हे बघा."

मी भिंगातून बघितलं. हार, हाराच्या दोन पदरांमधून दिसणारी सदऱ्याची पट्टी. पहिलं बटण, दुसरं बटण, मग नुसतं काज, मग चौथं.

"तिसरं नाही," मी म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. निरोपासाठी त्यांनी नवा सदरा शिवला होता. कारखान्याचा नियम असा, की मिश्रण विभागात जाताना अंगावरचे कपडे उतरवून ठेवायचे आणि सुती डगला घालायचा. डगल्याला बटण नाही, खिसा नाही, नाड्या फक्त. त्या दिवशी कारखान्याच्या बसला उशीर झाला होता आणि हाताखालची पोरं घाई करत होती. काकांनी सदऱ्यावरच डगला चढवला. पंचवीस वर्षांत तो एक दिवस. त्यांचं शेवटचं काम होतं रिकाम्या कवचात दिवा घेऊन अर्धं अंग आत घालायचं आणि आतलं रबराचं अस्तर कुठं सुटलंय का ते बघायचं. त्यांनी बघितलं, ठीक आहे म्हणून सही केली आणि दुपारी त्या कवचात इंधन ओतलं गेलं. संध्याकाळी हार आणि फोटो झाले. फोटो पोस्टानं भिंगारला यायला दीड महिना लागला.

"तोवर सगळं घट्ट होऊन पक्कं झालं होतं," काका म्हणाले. "मागच्या खेपेला फसलं त्यात ते कवच नव्हतं. यात आहे."

"एवढ्याशा बटणानं काय होणार?"

"कदाचित काही नाही. कदाचित त्याच्याभोवती फट राहिली असेल. आग फटीत शिरली की नको तेवढी जागा एकदम पेटते, दाब वाढतो आणि कवच फुटतं. ते लोक क्ष-किरणांनी बघतात, पण एवढ्या जाड मालात एवढंसं प्लास्टिक दिसेलच असं नाही."

"मग तेव्हाच का नाही कळवलंत?" माझी तोटी उघडीच होती. "इथं चिमटा दिसला नाही तर तुम्ही सगळं घर थांबवता!"

"म्हणूनच थांबवतो," ते म्हणाले.

ते खाली बघत सांगत राहिले. आधी वाटलं, बसमध्ये पडलं असेल. मग वाटलं, तपासणीत सापडेल. मग वाटलं, आता इतक्या उशिरा कोणत्या तोंडानं सांगू. कळवलं तर ते सगळं कवच बाद होईल, उड्डाण पुढं ढकललं जाईल, आणि फोटोतली ही बारा माणसं म्हणतील, आम्हाला पाने मोजायला शिकवणारा हाच का तो. नाही कळवलं आणि वर काही झालं, तर त्याच बारा माणसांची दहा दहा वर्षं समुद्रात जातील. "दोन वर्षं झाली," काका म्हणाले. "जेवताना आठवतं. पण आता लिहाच."

मी वही घेतली. आधी मराठीत लिहायचं, त्यांनी ऐकायचं, मग इंग्रजी करायचं असं ठरलं. वाक्य त्यांचं, मी नुसती लिहिणार. पडद्यापलीकडे काकूंच्या भाकऱ्या चालल्या होत्या. अर्ध्यावर आल्यावर मी मोठ्यानं वाचून दाखवू लागले: "निरोपाच्या दिवशी मी नियम मोडून डगल्याच्या आत माझा सदरा घातला होता. त्याचं वरून तिसरं बटण..."

भाकरी थापल्याचा आवाज थांबला. पडदा बाजूला झाला आणि पिठाच्या हातांनी काकू बाहेर आल्या.

"कंचा सदरा?"

मी तसबीर पुढं केली. "हा. याचं तिसरं बटण हरवलंय काकू."

"हरवलं कुटं?" काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. परत आल्या त्या बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा घेऊन. झाकण उघडून त्यांनी डबा टेबलावर पालथा केला. सुया, हुक, रिळं, परकराच्या नाड्यांचे तुकडे, शंभरभर बटणं. पिठाच्या बोटानं इकडेतिकडे केलं आणि एक बटण बाजूला सरकवलं. सायीच्या रंगाचं, चार भोकांचं, कडेला बारीक तपकिरी रेघ. "ह्ये."

काका बटणाकडे बघत राहिले. मग उठले, ट्रंक उघडली, सगळ्यात तळाशी घडी करून ठेवलेला सदरा काढला आणि चौथ्या बटणाशेजारी ते बटण ठेवलं. तीच रेघ, तीच भोकं.

"त्या दिशी सकाळी तुमी सदरा घातला तवाच त्ये लोंबत हुतं," काकू सांगू लागल्या. "मी वडून काडलं. म्हनलं थांबा, दोन टाके घालते. तुमी आयकलं न आयकलं, गाडी जाईल म्हनला आन तसंच पळाला. सांजच्याला लावू म्हनून डब्यात टाकलं. मग सामान बांदायचं हुतं, ऱ्हाऊन गेलं. मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

मला हसू फुटलं. खरंच फुटलं, अगदी मोठ्यानं. मग काकांच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि मी गप्प बसले. ते सदरा मांडीवर धरून बसले होते आणि बटण पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या जागी ठेवून बघत होते.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "दोन वर्षं मी..."

"मग इचारायचं हुतं."

"तुला कसं विचारणार? कामाचं होतं ते."

"कामाचं कुटलं?" काकू म्हणाल्या. "बटनाचं हुतं."

काकू आत गेल्या, कारण तव्यावरची भाकरी करपली होती. काकांनी सदऱ्याची पुन्हा घडी घातली. मग मला म्हणाले, "पत्र पुरं करा."

"आता कशाला? बटण तर मिळालं."

"बटण मिळालं हे लिहा. पण सदरा आत घातला होता तो घातलाच होता की. तेही लिहा." मी लिहिलं. सोमवारी त्यांनी ते स्वतः पोस्टात टाकलं. उत्तर आलं नाही, आणि उत्तराची त्यांनी वाटही बघितली नाही.

त्या दिवसानंतर काकू विचारू लागल्या. म्हणजे विचारू लागल्या म्हणजे काय, सुटल्याच. भाकरी थापता थापता, भाजी निवडता निवडता, मागच्या दारातून हाक मारून. मळायचं भांडं केवढं? माणसं लांब बसायची तर मग मिसळलं की न्हाई ते कळायचं कसं? काका आधी अडखळत, पुस्तकात असेल तेवढंच म्हणत. मग एकदा स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी काकवी, राख आणि जाडं मीठ परातीत कालवून दाखवलं. काकूंनी बोट बुडवून बघितलं. "ही कनिकच की," त्या म्हणाल्या. "एवड्यासाटी पंचवीस वरसं तोंड बंद?"

रॉकेट उडायचं होतं सकाळी. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढं समोरच्या दोघी जावाही येऊन बसल्या होत्या, काकांनी त्यांच्यामध्ये मला बसवलं. त्यांनी तो सदरा घातला होता. तिसरं बटण काकूंनी दुहेरी दोऱ्यानं असं शिवलं होतं की सदरा फाटेल पण ते निघणार नाही.

काकू मागं होत्या. मी हाक मारणार, तेवढ्यात त्या पुढच्या अंगणात दिसल्या. घराला वळसा घालून आल्या होत्या. उंबऱ्याशी थांबल्या, पदराला हात पुसला आणि तांब्याच्या पट्टीवर ठेवला. "ओकटी, रेंडु, मूडु," त्यांनी तेलुगूत पुटपुटत तीनपर्यंत मोजलं. या खेपेला रागानं नव्हे. मग आत येऊन काकांच्या खुर्चीशेजारी खाली बसल्या. काकांनी हे बघितलं.

टीव्हीवर उलटे आकडे सुरू झाले. काकांचा हात सदऱ्यावरून तिसऱ्या बटणापाशी गेला आणि तिथंच राहिला. धूर, उजेड, आणि ते वर सरकू लागलं.

"ह्यात तुमचं कुटलं?" काकूंनी विचारलं.

"ते खालचं. जळतंय ते."

सगळी खोली त्या खालच्या टोकाकडे बघू लागली. फुटलं नाही. सरळ जळत राहिलं, दीड मिनिट, थोडं वर. मग पडद्यावरचा ठिपका लहान झाला आणि काका म्हणाले, "संपलं आमचं. ते आता सुटून समुद्रात पडेल. पुढचं काम दुसऱ्यांचं." एक जाऊ टाळ्या वाजवायला लागली, म्हणून दुसरी वाजवेना.

काकांचा हात अजून बटणावरच होता. काकूंनी वर बघितलं, तो हात धरून खाली घेतला आणि आपल्या हातात ठेवला.

"हाय त्ये जागेवर," त्या म्हणाल्या. "आता आनि काय काय आत पडलंय तुमच्या, ते बी आजच सांगून टाका."

"सगळं?"

"सगळं. मी कुटं जात न्हाई."

माझी रजा संपत आली होती. मी उठले, चपला घातल्या. जावा निघून गेल्या होत्या. अंगणात आले तेव्हा मागून काकांचा आवाज ऐकू येत होता, जरा घोगरा, घाई नसलेला.

"पहिल्या दिवशी ना," ते काकूंना सांगत होते, "मला त्यांनी नुसती झाडलोट दिली होती..."